शिवेवर थांबलेली बोट

१

‘माहेर’ नावाची बोट नाथसागरात बंद पडली, तीही नेमकी उंबरगव्हाणच्या शिवेवर. इंजिनात बिघाड काय होता ते कुणालाच सापडलं नाही. गुन्हेगार मात्र बोट काठाला लागायच्या आत सापडला होता.

पाण्यात कसली आली शीव, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. जुनं उंबरगव्हाण जायकवाडी धरणाच्या याच पाण्याखाली गेलं त्याला पन्नासएक वर्षं झाली. माणसं पैठणच्या बाजूला नव्या गावात आली, देवी मात्र खालीच राहिली. म्हणून वर्षातून एकदा अख्खं गाव बोटीत बसतं आणि बुडालेल्या देवळाच्या बरोब्बर वर जाऊन ओटी दाखवून येतं. लांबचा डोंगर आणि काठावरची टेकडी एका रेषेत आली की जुन्या गावाची शीव आली, असं मानतात. तिथं बोट हळू होते, सगळे पायातलं काढतात, हात जोडतात. गाव गेलं तरी शीव सोडायची नाही, असे हे लोक.

यंदाही तसंच झालं. बोट हळू झाली, हात जोडले गेले, बोटीनं पुन्हा वेग घेतला आणि थोड्याच वेळात इंजिन तापल्याची बेल घणघणायला लागली. चालकानं इंजिन बंद केलं. मच्छीमारांच्या होड्यांनी बोट ओढत परत आणली. देवीची भेट राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं सगळं उघडून पाहिलं तर इंजिन ठणठणीत. चालू केलं, चाललं. मग बेल वाजलीच का? गावाकडे उत्तर बोटीतच तयार होतं. चालक प्रणय बौद्ध वस्तीतला. त्याला देवीचं काय? त्यानंच इंजिनाचं पाणी तोडलं आणि सगळ्यांची वाट अडवली.

हे सगळं मला कळलं ते प्रणयच्या फोनवरून. फोन अर्थात माझ्या सुनेला आला होता, पण ती कणीक मळत होती आणि तिनं स्पीकर लावला होता. ऐकू येणाऱ्या गोष्टी न ऐकण्याची सवय मला मुख्याध्यापिका असतानाही नव्हती.

“मॅडम, उद्या दुपारी बैठक हाय,” प्रणय म्हणाला. “मला कामावरून काढणारेत. काढू द्या. पण देवीची वाट अडवली म्हणून काढलं, तर मपल्या आजीनं गावात तोंड कसं दाखवायचं? तुम्ही एकदा येऊन बघा ना.”

माझी सून तनुजा पूर्वी मोठ्या जहाजांवर इंजिनिअर होती. लग्न करून ती उस्मानपुऱ्यात आली, जिथून समुद्र बघायचा तर गाडीत अख्खा दिवस घालवावा लागतो. आता करमाडला तिचं डिझेल इंजिनांचं वर्कशॉप आहे. प्रणय तिच्याकडेच काम शिकला होता.

तिनं कणकेचा हात धुतला आणि विचारलं, “प्रणय, खरं सांग. तू वॉल्व्हला हात लावलास?”

पलीकडून आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मला ते आवडलं नाही.

“नाय मॅडम,” तो म्हणाला. “पण लावला नाय हे कोण मानणार? इंजिनाच्या पेटीत वाकलेलं मला समद्यांनी बघितलंय.”

२

सकाळी आम्ही निघालो. मला कशाला नेतेस, असं मी एकदाच विचारलं, तेही चप्पल घालून झाल्यावर.

वाटेत तिनं मला इंजिन समजावलं. “आई, गरम दुधाचं पातेलं तुम्ही गार पाण्याच्या परातीत ठेवता ना? तसंच. इंजिनाच्या आत त्याचं स्वतःचं पाणी फिरतं, ते म्हणजे दूध. त्याला गार करायला बाहेरून तलावाचं पाणी येतं, ते परातीतलं. बोटीच्या तळाला एक तोंड असतं, त्यावर बाहेरून जाडी जाळी. तिथून पाणी आत, मग वॉल्व्ह, मग गाळणीचा डबा, मग रबरी नळीतून पंप. फिरून झालं की मागच्या पाइपातून बाहेर.”

“म्हणजे बोटीच्या मागून पिचकारी उडते ती?”

“तीच. ती दिसतेय तोवर चालकानं निवांत राहावं. ती थांबली की इंजिन गेलं.”

“मग ती थांबली कुठं, ते शोधायचं.”

“तेवढंच,” तनुजा म्हणाली. हे ‘तेवढंच’ ती एखादं जहाज उचलायचं असलं तरी म्हणेल.

चितेगावला रामकिसन मेकॅनिकचं गॅरेज लागतं. जत्रेआधी बोटीच्या पंपात नवा रबरी पंखा त्यानंच बसवला होता आणि नंतरची तपासणीही त्यानंच केली होती. आम्हाला पाहून त्यानं चहा सांगितला, पण तोंड फुगलेलंच होतं.

“मपल्या कामावर शंका हाय का मॅडम? अर्धं गाव पोराला शिव्या द्यायलंय, अर्धं मला. म्हणे डुप्लिकेट पंखा टाकला.”

“शंका नाही. तुम्ही काय पाहिलंत ते फक्त सांगा.”

त्यानं बोटावर मोजल्यासारखं सांगितलं. वॉल्व्हचं हँडल पाइपाच्या रेषेत होतं, म्हणजे वॉल्व्ह उघडा. त्याला हात लावायची गरजच पडली नाही. पंपातला पंखा शाबूत, फक्त एका पात्याची कड जराशी करपलेली. बोटीवर काम करणाऱ्या सुदर्शननं पाण्यात बुडी मारून तळाची जाळी बघितली, ती मोकळी. इंजिन सुरू केलं तर मागून पाणी धो धो.

“आणि गाळणीचा डबा?”

“साफ. शेवाळाचं पानसुद्धा नाय.”

“अगदी काहीच नाही?”

“चार गहू व्हते,” रामकिसन वैतागून म्हणाला. “माशांना टाकतेत की लोकं. गव्हानं कुठं इंजिन बंद पडतंय व्हय?”

तनुजानं चहाचा कप खाली ठेवला. “कुठायत ते गहू?”

“फेकले. ठेवून काय पेरायचे व्हते?”

गाडीत बसल्यावर तिनं किल्ली फिरवली. मग म्हणाली, “पंख्याची कड करपली म्हणजे पाणी खरंच कमी झालं होतं. प्रणय खोटं बोलत नाहीये. पण मग दुसऱ्या दिवशी ते पाणी आपोआप परत कसं आलं?”

तिला उत्तर सुचत नसलं की ती गाडी जोरात चालवते. मी पट्टा घट्ट केला.

३

काठावर तिघं आमची वाट पाहत होते. प्रणय हाताची घडी घालून एका बाजूला उभा होता, काळासावळा, सडसडीत, रात्रभर झोप नसलेला. मच्छीमार संस्थेचे चेअरमन साहेबराव पांढऱ्या कपड्यांत सावलीला होते. बोट संस्थेची, त्यामुळे दुपारची बैठकही त्यांनीच बोलावलेली. आणि बोटीच्या टोकावर पाय सोडून बसला होता सुदर्शन, ज्याला चालकाची ही नोकरी आधीपासून हवी होती आणि जो ते लपवतही नव्हता.

“मी डोळ्यांनी बघितलं,” सुदर्शन म्हणाला. “शीव गेली, हा पेटीत वाकला, अन् इंजिन बंद.”

“बेल आधी वाजली का तू आधी वाकलास?” तनुजानं प्रणयला विचारलं.

“बेल आधी. मागं बघितलं तर पिचकारी बंद, नुसती वाफ. म्हून पेटी उघडली. नळी बघितली, इंजिन बंद केलं. बंद केलं नसतं तर जाम झालं असतं.”

“शीव आल्यावरच बरी बेल वाजली,” साहेबराव म्हणाले. “मॅडम, आम्ही जातीबितीचं काय बोलत नाय. पण ज्याला शिवेचं काय वाटत नाय, त्याच्या हातात बोट देऊन आमचंच चुकलं.”

प्रणयची मान ताडकन वर आली. “काका, शीव फकस्त तुमचीच हाय का? मपल्या आज्याचं घर शिवेलाच व्हतं. ते बी खालीच हाय.”

साहेबराव पाण्याकडे बघायला लागले. मीच काहीतरी बोलावं म्हणून इंजिनाच्या पेटीत डोकावले. आतलं सगळं पिवळंधमक होतं. पाइप, पंप, पट्ट्या, नट, सगळ्यावर ऑइलपेंट.

“अगं बाई, इंजिनाला हळद लावलीय की काय?”

“रंग मी दिला,” सुदर्शन जरा फुशारकीनं म्हणाला. “जत्रेच्या आधी. काहीच सोडलं नाय.”

“दिसतंय,” तनुजा म्हणाली. ती पेटीत उतरली. आधी तिनं पंपाकडे जाणारी काळी रबरी नळी दोन बोटांत धरून दाबली, फिरवली, आणि मला बोलावून तिच्यावरची रेघ दाखवली. नळीच्या दोन्ही बाजूंना लांब घडी पडली होती, इस्त्री केलेल्या पॅन्टसारखी.

“ही नळी आत ओढली जाऊन चपटी झालीय. म्हणजे पंप जीव खाऊन ओढत होता आणि पाणी येत नव्हतं. पंप चांगला आहे, रामकिसनचा पंखाही चांगला आहे. पाणी पंपाच्या आधीच कुठंतरी अडलं.”

“म्हंजे वॉल्व्हलाच की,” सुदर्शन म्हणाला.

साहेबरावांनी मान हलवली. प्रणयच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग उतरला. पंपाच्या आधी काय होतं? गाळणी साफ होती. उरला वॉल्व्ह. माझ्या सुनेनं पोराला वाचवायला येऊन फास आणखी घट्ट केला होता.

तनुजानं बॅटरी मागितली. वॉल्व्हवर उजेड टाकून ती वाकून बघत राहिली आणि एकदम हसायला लागली.

“सुदर्शन, तू मनापासून रंग दिलास बाबा. तुझे उपकार झाले. इकडे या सगळे.”

४

वॉल्व्हचं हँडल जिथं वॉल्व्हच्या अंगाला टेकतं, तिथं पिवळ्या रंगाचा जाड थर साचून वाळला होता. हँडल कुठं संपतं आणि वॉल्व्ह कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. थर अखंड होता. एक चीरसुद्धा नाही.

“हँडल केसभर जरी फिरलं असतं तरी हा थर फुटला असता,” तनुजा म्हणाली. “रंग जत्रेच्या आधीचा. म्हणजे रंग दिल्यापासून हा वॉल्व्ह कुणी बंदही केला नाही आणि उघडलाही नाही. प्रणयनं नाही, कुणीच नाही. खरं तर प्रणय, काम संपल्यावर वॉल्व्ह बंद करून जायचं असतं हे मी तुला शिकवलं होतं. तू आळस केलास, आज त्या आळसानंच वाचलास. पुन्हा असं वाचायची सवय लावू नकोस.”

प्रणयनं कान पकडले. तो हसत होता. सुदर्शन वाकून स्वतःच्याच रंगाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मी खोटं बोललो नव्हतो. वाकलेलाच बघितला मी.”

“वाकलेलाच होता. का वाकला ते तुला दिसलं नाही, इतकंच.”

साहेबराव मात्र हटले नाहीत. “मंग पाणी अडलं कुठं? बैठकीत लोकं हेच विचारतील. कारण सांगा, नायतर लोकं म्हणतील याच्या मॅडमनं याला वाचवलं.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तनुजानं मला बाजूला नेलं.

“वॉल्व्हच्या आधी फक्त एक जागा उरते, तळाची जाळी. बाहेरून काहीतरी तिला चिकटलं. इंजिन ओढतंय तोवर ते घट्ट चिकटून राहणार. इंजिन बंद केलं की ओढ संपली, ते आपोआप सुटणार, बुडणार. म्हणून सुदर्शनला बुडी मारून काही दिसलं नाही. पॉलिथिनची पिशवी असेल असं मी म्हणाले असते, पण मग ते गहू…”

“माशांना टाकलेले,” मी म्हणाले.

“सुटे गहू पाण्यात टाकले तर सरळ तळाला जातात. पळत्या बोटीच्या जाळीपाशी थांबून आत शिरायला त्यांना कुणी धरून ठेवलं? ते कशात तरी बांधलेले होते आणि ते ‘कशात तरी’ जाळीवर येऊन बसलं होतं. ओढीनं गाठ सैल झाली आणि चार दाणे आत आले. आई, गहू कशात बांधून पाण्यात सोडतात?”

तिनं जगभरची बंदरं पाहिली असतील, पण हा प्रश्न माझ्या इयत्तेतला होता.

“खणात,” मी म्हणाले. “खणात गहू, सुपारी, हळकुंड. अगं, कुणीतरी देवीची ओटी भरलीय.”

५

पण ओट्या तर परत आल्या होत्या. पाण्यात काही टाकायचं नाही, या अटीवरच यात्रेला परवानगी मिळते. साहेबरावांनी स्वतः बोटीत उभं राहून दरडावलं होतं की ओटी दाखवायची आणि प्रसाद म्हणून घरी न्यायची. शिवाय बोट देवळापर्यंत पोचलीच नव्हती. मग शिवेवर कुणी, कुणाची ओटी भरली?

तनुजानं प्रणयला विचारलं, “तळाचं तोंड डावीकडे आहे, मागच्या बाजूला. त्या बाजूला कोण बसलं होतं?”

“आवडामाय,” तो लगेच म्हणाला. “दरसाल तिथंच बसती. तिथं बाक हलत नाय.” मग त्याचा आवाज खाली आला. “साहेबरावकाकाची आई.”

आवडाबाईंकडे मी एकटीच गेले. तनुजा इंजिनाशी बरं बोलते, म्हाताऱ्यांशी बोलायला मी बरी. म्हातारी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. बोट परत आल्यापासून धड जेवली नाही, असं सून सांगत होती.

“बाई, तुम्ही शिकलेल्या,” आवडाबाई म्हणाल्या. “देवी कोपली का हो?”

शाळेत काच फुटली की ‘दगड कुणी मारला’ असं मी कधीच विचारत नसे. सगळा वर्ग खाली मान घालून बसतो. मी विचारायचे, ‘दगड केवढा होता?’ कुणीतरी हात करून दाखवायचंच.

“आवडाबाई,” मी सहज विचारलं, “खण कुठल्या रंगाचा होता?”

“हिरवा,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी तोंडावर पदर धरला.

थोड्या वेळानं त्या हळूहळू बोलायला लागल्या. शिवेवर मरीआईचं ठाणं होतं. लग्न होऊन आल्या त्या दिवशी सासूनं बैलगाडी तिथं थांबवली आणि सांगितलं, आधी हिची ओटी, मग गावात पाय. गाव सुटेपर्यंत त्यांनी हा नेम पाळला. गाव बुडाल्यावरही दरसाल पदराखालून एक लहानसा खण हळूच पाण्यात सोडत आल्या होत्या. इतकी वर्षं बोटीचं तोंड चुकलं, यंदा नाही चुकलं.

“म्या तर हळूच सोडला. मंग बेल वाजली. मला वाटलं, चोरून दिलेली ओटी मरीआईला पटली नाय.”

“मरीआईचं माहीत नाही. इंजिनाला पटली नाही,” मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. त्यांची नजर माझ्या मागं गेली होती. मी वळून पाहिलं. दारात साहेबराव उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तनुजाही एव्हाना अंगणात पोचली होती; बाहेर येऊन त्यांनी तिला हात जोडले. तो पांढरा कडक शर्ट एकदम चुरगळल्यासारखा वाटायला लागला.

“मॅडम, शेवाळ अडकलं म्हणा. पोराला कामावर ठेवतो, आजच ठेवतो. पण म्हातारीचं नाव नको. अट मीच घातली, अन् मपल्याच घरानं मोडली.”

मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू? तनुजाचाही आवाज मऊ झाला.

“शेवाळ म्हटलं की लोक विचारणार, गाळणीत पान का नव्हतं? मग पुन्हा प्रणयकडेच बघणार. त्याला नुसतं काम नकोय साहेबराव. त्याच्यावर तुम्ही जो आळ घेतलात, तो तुम्ही परत घ्यायला हवाय. मी कारण सांगणार, खणाचं. खण कुणाचा, ते विचारलं तर मी सांगणार नाही. ते तुमच्या घरानं ठरवावं.”

साहेबरावांनी घड्याळ पाहिलं. बैठकीची वेळ होत आली होती.

६

बैठक नव्या गावातल्या देवळात ठरली होती. तनुजानं ती काठावर आणली. लोक कुरकुरत आले, पण आले सगळे. रामकिसनही गॅरेज बंद करून मोटारसायकलवर आला. आपला पंखा निर्दोष सुटला ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती आणि ती चारचौघांत ऐकायची संधी तो सोडणार नव्हता.

बोट दोन जाड दोरांनी काठाला बांधली. प्रणयनं इंजिन सुरू करून वेग वाढवला. मागच्या पाइपातून मनगटाएवढी धार उसळायला लागली.

“ही धार बघत राहा,” तनुजा ओरडली.

माझ्या पिशवीतून तिनं एक हिरवा खण काढला, मघाशी गावातल्या दुकानातून मी घेतलेला. त्यात मूठभर गहू आणि एक सुपारी बांधली, लांब दोरी लावली, आणि बांबूच्या टोकानं तो डाव्या बाजूनं तळापाशी सोडला. आधी काही झालं नाही. मग दोरीला एकदम हिसका बसला, आणि धार बारीक झाली. करंगळीएवढी. मग थेंब. मग नुसती वाफ. सुदर्शन पेटीशी बसला होता, तो किंचाळला, “नळी! नळी चपटी व्हायली!” आणि बेल घणघणली.

ती बेल सगळ्यांनी यात्रेत ऐकली होती. एक बाई तर सवयीनं हात जोडून मोकळी झाली.

“बंद कर,” तनुजा म्हणाली. इंजिन थांबलं. सगळे दोरीकडे पाहत होते. ताणलेली दोरी हळूच सैल पडली, आणि खण आपणहून तळापासून सुटून पाण्यात पसरला. कुणी त्याला हात लावला नव्हता.

“दोरी नसती तर तो आता तळाला गेला असता,” तनुजा म्हणाली. “आणि उद्या तुम्ही म्हणाला असता, इंजिन तर ठणठणीत आहे. रामकिसनभाऊ, गाळणी उघडा.”

रामकिसननं झाकण काढलं, आत हात घातला आणि तळवा वर केला. तळव्यावर चार-पाच ओले गहू होते. तो त्यांच्याकडे पाहून म्हणाला, “च्यायला. हे म्या फेकले की.”

काठावर हशा पिकला, टाळ्या पडल्या. पण त्यातूनच एक आवाज आला, “खण टाकला कुणी?” मग दुसरा, तिसरा. तनुजा दोरी गुंडाळत राहिली. साहेबराव जमिनीकडे बघत होते.

“म्या टाकला.”

आवडाबाई गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. लेकानं आधाराला धरलेला हात त्यांनी सोडवून घेतला.

“मरीआईची ओटी म्या भरली. चोरून भरली, ती मपली चूक. देवीची वाट अडवली ती म्या. ह्या लेकरानं तर बोट जळता जळता वाचवली, अन् तुम्ही त्याला काय काय बोलले! मला कारण ठाव नव्हतं, पण ह्यानं केलं नाय एवढं तरी कळायला पायजे व्हतं. म्या गप बसले.”

मग साहेबराव पुढं झाले. भाषणं त्यांनी पुष्कळ केली असतील. हे सगळ्यात लहान होतं.

“प्रणय, मपल्या तोंडून गेलं ते मपल्याच तोंडानं परत घेतो. समद्यांसमोर. तू वाट अडवली नाय. इंजिन बंद केलं नसतं तर माणसं मेली असती, तू वाचवली. बोट तुझ्याच हातात राहणार.” मग गर्दीकडे वळून म्हणाले, “अन् देवी अजून वाट बघायलीय. चला, बसा.”

मी आयुष्यात बक्षीस समारंभ भरपूर पाहिलेत. पण त्या काठावर जो गलका उठला तसा कुठंच ऐकला नाही. प्रणयनं तोंड फिरवून बाहीला डोळे पुसले आणि लगेच दोर सोडायला लागला. दुसरा दोर सुदर्शननं सोडला. मनातून अजून थोडा हिरमुसला होता, पण हसत होता. तनुजानं प्रणयला बजावलं, “ती नळी बदल. आत तारेचं वेटोळं असलेली घाल.” कौतुक करण्याची तिची हीच पद्धत आहे.

बोट निघाली. डोंगर आणि टेकडी एका रेषेत यायला लागली तशी माणसं पायातलं काढायला लागली. या वेळी प्रणयनं बोट नुसती हळू केली नाही. त्यानं इंजिनच बंद केलं आणि मागं वळून म्हणाला, “आवडामाय, आता सोडा. दोरी हाय ना?”

आवडाबाईंच्या हातात तनुजाचीच दोरी होती, टोकाला तोच हिरवा खण. त्यांनी तो उघडउघड, सगळ्यांसमोर, शिवेवरच्या पाण्यात सोडला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि दोरी ओढून तो परत घेतला. पाण्यात काही राहिलं नाही. साहेबरावांनी हात जोडले.

मग प्रणयनं इंजिन सुरू केलं, आणि मी शपथेवर सांगते, त्या बोटीतल्या एकाही माणसानं पुढं देवीकडे पाहिलं नाही. सगळी बोट माना वळवून मागच्या पाइपाकडे बघत होती. पाइप खोकला, थोडी वाफ आली, आणि मनगटाएवढी धार उसळून पाण्यावर पडली.

“आलं! पाणी आलं!” सगळ्या बाया ओरडल्या. त्यात मीही होते. तनुजा मला हसली, हसू दे.

त्या गोंधळात आवडाबाई उठून प्रणयपाशी गेल्या आणि निथळता खण त्याच्या हातात ठेवला.

“हा तुझ्या आजीला दे. गोजरीला म्हणावं, देवाचा म्हणून नको असला तर नको ठेवू. पण शिवेवरचं पाणी लागलंय त्याला. तिच्या अंगणातलं हाय.”

प्रणयनं तो खण पिळला नाही. तसाच ओला, नीट घडी घालून त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवला. पाणी शर्टावर पसरत गेलं. मग त्यानं एकदा मागं वळून धार पाहिली, आणि बोट देवळाकडे घेतली.